मीठ की पीठ

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला सगळे मावशी म्हणत. कामाला वाघीण. पण एका तापानंतर तिचे कान हळूहळू गेले. आधी भांड्यांचा आवाज विरला, मग माणसांचा. काम सुटेल या धास्तीनं तिनं कुणाला कळू दिलं नाही. ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली. नाहीच कळलं तर हसून मान हलवायची. "मावशी अलीकडे भलतीच गोड झालीय," बायका म्हणायच्या.

एका दुपारी आहार ठरवणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या आजोबांच्या सूपात पीठ घाला." पुढचं, म्हणजे आजोबांना पातळ गिळवत नाही हे, त्या वळून चालता चालता बोलल्या.

पीठ म्हणा की मीठ, ओठ सारखेच मिटतात. मावशीनं सढळ हातानं मीठ घातलं.

आजोबा सकाळीच दाखल झालेले, हृदयाचे रुग्ण, अंगावर सूज. मीठ त्यांना वर्ज्य. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. संध्याकाळी धाप लागली, नळ्या लावाव्या लागल्या. जीव वाचला, एवढंच.

"मी काय घालायला सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मीठ."

"मीठ नाही, पीठ."

"तेच तर म्हणतेय मी."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. हातातली फाईल तोंडासमोर धरून त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मावशीनं हसून मान हलवली.

तिला काढलं नाही, भांडी घासायला बसवलं. तिथं सगळ्यांच्या पाठीच दिसायच्या. ओठच दिसेनात, तर कुणाशी काय बोलणार? कानाला यंत्र लावून पाहिलं, तर डोक्यात नुसता कालवा. महिनाभरात ती घरी बसली.

घरी लेक होती. सुरुवातीला समोर बसून सावकाश बोलायची. मग कंटाळली. एकदा वेणी घालता घालता, आईकडे पाठ करून, बराच वेळ काहीतरी सांगत होती. वळून तिनं पाहिलं, तेव्हा मावशीनं सवयीनं मान हलवली.

पुढच्या आठवड्यात दाराशी भरलेली बॅग दिसली. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं, आई. तूच हो म्हणालीस."

लेक समोर उभी राहून बोलली, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. 'जाऊ नकोस' हे तोंडातून निघालंच नाही. मावशीनं बॅग उचलली आणि तिला स्टँडपर्यंत सोडून आली.