आमटीची बादली

पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा सोलापूरच्या स्टँडवर आई खिडकीशी उभी होती. कडक भाकरीचं गाठोडं आत सरकवत म्हणाली, “गावाचा राग अन्नावर काडू नगंस. येळंवर खा.” मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो.

मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, गाव सोडण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. वळसंगच्या पुढं आमचं गाव, तिथल्या मातंग वस्तीत घर. कॉलेजात असताना मी हिंदूंची एकी सांगणाऱ्या संघटनेत गेलो. तिथं प्रत्येकाला नावापुढं ‘जी’ लावून हाक मारायचे. वस्तीतल्या पोराला एवढा मान कोण देतो? मी पार हरखून गेलो. मोर्चात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा.

मग देवळाचं कळसारोहण आलं. आठ दिवस मी मांडवात राबलो. पंगत बसली, वाढपी कमी पडले, म्हणून मी सरळ आमटीची बादली उचलली. पंगतीत बसणं वेगळं आणि वाढणं वेगळं, एवढं साधं मला कळलं नव्हतं. पहिल्या तीन म्हाताऱ्यांनी द्रोणावर हात आडवा धरला. संघटनेचे प्रमुख धावत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, “दमलायस तू. बस की जेवायला.” माझ्या हातातली बादली मांडवामागं गेली. दुसरी आली, तेव्हा म्हाताऱ्यांचे हात बाजूला झाले.

मी उपाशीच घरी आलो. आई म्हणाली, “जी म्हणत्यात रं, पर आपली वस्ती कुटं इसरत्यात?”

आता मी पुण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनचा सुपरवायझर आहे. लंचला गर्दी झाली की स्वतः काउंटरवर उभा राहून वाढतो. आडनाव खोदून विचारणारे इथंही भेटतात, भाड्याची खोली बघताना तर हमखास. पण पुढं केलेलं ताट अजून कुणी मागं घेतलेलं नाही.

मागच्या आठवड्यात प्रमुखांचा फोन आला. “सभामंडपाचं उद्घाटन हाय. तुमी स्टेजवर पायजे. बॅनरवर फोटो टाकतो की.”

मी म्हणालो, “स्टेज नको. पहिल्या पंगतीला माझी आई वाढेल.”

ते म्हणाले, “कळवतो.” अजून कळवतायत.

माझ्या हातचं आनंदानं वाढून घेतात ती माझ्या घरची माणसं, एवढंच आता मला कळतं. पण म्हणून गाव मी कुणाला सोडून दिलेलं नाही. उद्घाटनाला आईला घेऊन येतोय. कळवा नाहीतर कळवू नका, बादली आम्ही उचलणार. ज्याला द्रोणावर हात धरायचाय त्यानं खुशाल धरावा, आणि उपाशी उठावं.