करवंदीच्या जाळीआडची दोन वर्षं

माझी धाकटी बहीण दिवसभर लघवी धरून ठेवायची आणि त्याचं आमच्या घरात कौतुक व्हायचं. आता सांगितलं तर लोक हसतील. पण आमच्या गुंजवण्यात पोरीच्या जातीनं उजाडायच्या आधी एकदा जाऊन यायचं आणि अंधार पडल्यावर एकदा, मधे नाव काढायचं नाही. भाताच्या लावणीत रांगेतून उठून मी झाडाआड गेले की आई सगळ्या बायकांदेखत म्हणायची, "हिला बगा, जरा म्हनून दम न्हाई. धाकटी कशी हू का चू करत न्हाई!" असा राग यायचा मला! धाकटी चिखलात वाकलेली, तिथूनच माझ्याकडं बघून हसायची. उठायला लागू नये म्हणून ती पाणीसुद्धा घोटभरच प्यायची.

ताप मात्र तिलाच यायचा. दर दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून यायचा, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी कुडकुडायची. खोऱ्यात घरोघरी हिवताप, तेव्हा हिलाही हिवतापच म्हणून कोयनेल पाजायचे. कुशीत दुखतंय म्हणाली तर आई म्हणायची, वाकून वाकून दुखत असंल. लघवीला आग होते हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, तेही गळ्याची शपथ घालून. आणि मी शहाणी, शपथ पाळत बसले.

ती दहा वर्षांची असताना एका श्रावणात ताप उतरेचना. तोंड सुजलं, डोळे बारीक झाले. दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, बैलगाडी जुंपली आणि आम्ही तिला भोरला नेलं. डॉक्टरांनी तिच्या कुशीवर हात दाबला तशी ती कळवळली. त्यांनी विचारलं, "लघवीला जळजळ होते का?"

"न्हाई वो, तसलं काय न्हाई," आई झटक्यात म्हणाली.

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. नको, असं ते बघणं होतं. मी म्हणाले, "होती. लई होती. वर्स झालं." आईनं असे डोळे वटारले की बस्स. बहिणीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढं पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नळीनं आत औषध सोडून तिच्या पोटाचा आतला फोटो काढला. तो बघून भोरच्या डॉक्टरांनी आईला समजावलं. लघवी मूत्रपिंडांतून खाली पिशवीत उतरते. एकदा उतरली की परत वर चढू नये अशी तिथं सोय असते. हिची ती सोय जन्मापासून कच्ची. त्यात धरून ठेवायची सवय. पिशवी तुंबली की लघवी उलटी वर जाते, आणि पिशवीतली घाणही घेऊन जाते.

"म्हंजी खालच्या खाचराचं पानी वरच्या खाचरात चढतंया?" आईनं विचारलं.

"अगदी तसंच. एक मूत्रपिंड थोडं बिघडलंय. असंच चाललं तर दोन्ही जातील, बाई. मग माझ्या हातात काही नाही."

"म्याच शिकवलं वो तिला धरायला," आई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली. आईला तसं रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

औषधाच्या गोळ्या होत्या, पण दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, मिळतील तेव्हा मिळतील. बाकी उपाय आमच्याच हातातला होता. भरपूर पाणी पाजायचं. दिवसातून सहा-सात वेळा लघवीला न्यायचं. आणि दर वेळी दोनदा बसवायचं. एकदा बसून उठायचं, थोडं हिंडायचं, पुन्हा बसायचं, म्हणजे वर चढलेली जी लघवी खाली उतरते तीही निघून जाते. वाढत्या वयात ती सोय पुष्कळदा आपोआप पक्की होते, तोवर मूत्रपिंडं जपायची.

बरोबर जायचं काम माझ्याकडं आलं. आता बांधावरून आईच ओरडायची, "ए, जावा गं दोघी!" बायका खुसुखुसु हसायच्या. हसा म्हणावं! आम्ही दोघी करवंदीच्या जाळीआड जायचो. ती बसायची, उठायची, मग दुसऱ्या खेपेपर्यंत आम्ही गप्पा मारायचो. किती बोलायची ती! घरात मिठाची गुळणी धरून बसणारी पोर, तिथं तोंड मिटायची नाही. एकदा म्हणाली, "आक्के, म्या मेले तर माझा हिरवा परकर तुलाच."

"मला कुठला बसतोय तुझा परकर? चल, बस दुसऱ्यांदा," मी खेकसले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

अशी दोन वर्षं गेली. ताप आधी लांबला, मग यायचाच थांबला. पुन्हा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आता वर जात नाही, मात्र पाणी सोडू नका. आईनं आळीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उठले, तर बहीण म्हणाली, "आता तू नको येऊस. माजी मी जाईन." पोर वाचली होती, आणि मला मेलीला रडू येत होतं.

पुढं एकाच मांडवात आमची दोघींची लग्नं झाली. ती कामथडीला गेली, मी शिवऱ्याला. दुखण्याचं नाव तिच्या सासरी कुणी काढलं नाही. तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाला गेले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी पितीस ना गं?" तिची सासू वळून बघायला लागली. बहीण हसत म्हणाली, "आक्काचं आपलं कायतरीच. मला कधी साधा ताप बी आला न्हाई."

सासूपुढं म्हणाली, ते समजू शकते. पण नंतर चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. मी हळूच विचारलं, "जाळीआड काय बोलायचीस, आठवतं का गं?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आक्के, तेवढं सोडून काय बी बोल."

मी बरं म्हणाले. माझ्या उभ्या जन्मात कुणाला माझी एवढी गरज पुन्हा लागली नाही, आणि तिला नेमकी त्याच दिवसांची लाज वाटत होती. तेव्हापासून ते दिवस मी एकटीच आठवते.