चार बोटं वर

मीटर बसवून घ्यायला आलेल्या ड्रायव्हरला संजीवनी आधी पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवायची. त्याच्याच गाडीत, त्याच्याच सीटवर.

"ताठ नको बसू, फोटो नाही काढायचा," ती म्हणायची. "आठ तास गाडी हाकल्यावर बसतोस तसा बस."

माणूस हळूहळू सैल पडायचा. मग त्याचे डोळे जिथे येत, तिथे ती सीटमागे उभ्या बांधलेल्या काठीला चिंधीचा एक गोळा अडकवायची. पुढे तो माणूस घरी गेला तरी चालायचं. बाकीचं सगळं काम ती त्या गोळ्याला विचारून करायची.

बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या टोकाला तिची पत्र्याची शेड होती. त्याआधी पंधरा वर्षं तिने अंबरनाथच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्यांची झाकणं केली होती. कारखाना बंद पडल्यावर तिने ट्रकच्या केबिनमध्ये जादा मीटर बसवण्याचं काम धरलं. पुढच्या काचेशेजारी जो खांब असतो, त्याच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर फायबरची तीन गोल घरं करायची. एक इंजिनचं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या मीटरसाठी, एक ऑइलच्या, एक ब्रेकच्या हवेच्या. ड्रायव्हरला मान न वळवता काटा दिसला पाहिजे. उल्हासनगरला कॅम्प एकमधला सीटकव्हरवाला शेठ तिच्याकडे गिऱ्हाईक धाडायचा. "साईं, फायबरवाली ताई के पास जाओ, उसका नाप कभी चुकता नहीं," असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं.

हेच काम का धरलं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा जनू, उंचापुरा माणूस, ट्रक चालवायचा. त्याच्या गाडीतला पाण्याचा काटा कित्येक महिने एकाच जागी मेलेला होता. "दाखवून घे एकदा," ती म्हणायची. "आवाजावरून कळतं मला," तो म्हणायचा. माळशेज चढताना भर दुपारी, दाट धुक्यात, इंजिन तापलं. वाफ दिसली तेव्हा कुठे त्याला कळलं. तो वळणावरच गाडी थांबवून खाली उतरला आणि मागून येणाऱ्या गाडीला तो दिसला नाही. त्याला आता आठ वर्षं झाली. ट्रक दिराने विकून टाकला. कुणाला विकला, ते संजीवनीने विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुरबाडकडचा रघु त्याचा ट्रक घेऊन आला. तिशीचा, बुटका, बोलका माणूस.

"ताई, पाण्याचा काटा हलत नाही. माझी केबिन सडली होती, म्हणून जुन्या बाजारातून ही आणून बसवली. रंगबिंग मारला, बाकी सगळं झकास. पण हा काटा आला तसा मेलेलाच."

असे मेलेले काटे संजीवनीने ढीगभर पाहिले होते. तिने त्याला बसवलं, सैल पडू दिलं, काठीला गोळा अडकवला, आणि तो जिथे आला त्या उंचीवर काठीला पेन्सिलने रेघ मारली. रघु किल्ली देऊन दोन दिवस बहिणीकडे अंबरनाथला गेला.

तिने गोळा आणि काठी सोडून बाजूला ठेवली आणि खांबाचं कव्हर उचकटलं. आत पत्र्याला गंज खाऊन भोक पडलेलं होतं आणि त्यावर आतून फायबरचं ठिगळ मारलेलं होतं. कडा नीट घासलेल्या. कोपऱ्यात फायबरची मॅट दुमडून घेतलेली. असा कोपरा तीच दुमडायची, दुसऱ्या कुणाला तिने तसं करताना पाहिलं नव्हतं. तिने बोटाने धूळ पुसली. ठिगळाच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता. ठशाच्या मधून आडवी रेघ गेलेली.

फॅनबेल्टने जनूचा उजवा अंगठा कापला होता, त्याचा तो व्रण. त्याच्या ट्रकला ती हे ठिगळ मारत असताना तो मागून वाकला होता आणि "सुकलं का गं?" म्हणत त्याने रेझिनच्या ओल्या गोंदावर अंगठा दाबला होता. ती चिडली होती. तो आपला अंगठा रॉकेलने पुसत बराच वेळ हसत होता.

ती फूटबोर्डवर तशीच उभी राहिली. मग उतरून तिने तोंड धुतलं आणि शेडला कुलूप लावून मांजर्लीला घरी गेली.

घरी जनूची आई, ठमाबाई, कोलंबी सोलत बसली होती. सून जवळून गेली तशी तिने मान वर केली. "आज डिझेलचा वास येतोय गो तुला. नेहमी त्या तुज्या गोंदाचा असतोय."

"गाडीत काम होतं, आई."

म्हातारी पुन्हा कोलंबी सोलू लागली. पण जेवताना तिने एक ताट जास्त वाढलं आणि मग गुपचूप उचलून ठेवलं. संजीवनीने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तिने काठी पुन्हा बांधली, तिला गोळा बांधला. पाइप कापून केलेल्या तीन कड्या बारीक काटक्यांनी कव्हरवर चिकटवल्या, आणि एकेक कडी वळवत गोळ्याकडे तोंड करून बसवली. वरून जुन्या बनियनचं कापड ताणून ओढलं, रेझिनमध्ये हार्डनर घालून ब्रशने चोपडलं. रेझिन घट्ट होताना गरम होतं. तिने तळवा ठेवून पाहिला तेव्हा ते अंग तापलेल्या माणसासारखं लागलं, आणि तिने हात पटकन मागे घेतला. दिवसभर तिला वाटत राहिलं की सीटवर कुणीतरी आहे. तिने एकदाही त्या सीटवर पाय ठेवला नाही, वाकून, तिरकं होऊन सगळं केलं. आतून मॅटचे दोन थर दिले, पुट्टी भरली, घासली, काळा रंग दिला. काम सुरेख झालं होतं.

रघु आल्यावर तिने मीटर बसवले, इंजिन चालू केलं. तो सीटवर बसला आणि मान इकडेतिकडे करू लागला.

"काय रे?"

"ताई, काटे दिसत नाहीत. नुसती काच चमकते. कड आडवी येते."

"नीट बस."

"नीटच बसलोय."

तिने त्याला उतरवलं आणि स्वतः सीटवर चढली. तिलाही काटे दिसले नाहीत. मग तिने सीटवर दोन्ही हात रोवून अंग थोडं उचललं. आणखी थोडं. चार बोटं वर गेल्यावर तिन्ही काटे एकदम समोर आले, स्वच्छ.

तिने मागे वळून काठी पाहिली. पेन्सिलची रेघ होती तिथेच होती. गोळा मात्र रेघेच्या चार बोटं वर होता, घट्ट गाठ मारलेला. गाठ तिनेच मारली होती. रेघेवर मारली, हे तिला पक्कं आठवत होतं.

"कुणाच्या मापाचं केलंत हे?" रघुने सहज विचारलं.

संजीवनी खाली उतरली आणि शेडच्या उंबऱ्यावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. काटा, घाट, धुकं, अंगठा. रघुने टोपी काढून हातात धरली. नंतर त्याने कव्हर बाजूला करून तो ठसा पाहिला, हात लावला नाही.

"कापून घ्या ताई. तुमचं आहे. मी दुसरं ठिगळ मारून घेतो."

तिने कटर उचलला, खांबापाशी गेली. मग कटर खाली ठेवला. "नको," ती म्हणाली. "ठिगळ काढलं तर पाणी आत येईल. ते अजून धरून आहे."

"मला भीती वाटणार नाही, असं नाही," रघु प्रामाणिकपणे म्हणाला.

"मलाही वाटते."

नवं कव्हर करायला आणखी दोन दिवस लागले. या वेळी काठी नव्हती. कड्या वळवून त्यावर कापड चढेपर्यंत तिने रघुला सीटवरून उठू दिलं नाही. दर कडी फिरवताना ती विचारायची, "दिसतं?" आणि तो सांगायचा, "दिसतं," किंवा, "जरा खाली, ताई." एकदा तिचा हात नकळत वर सरकला, तेव्हा त्याने हळूच तिचं मनगट धरून खाली आणलं.

जाताना त्याने विचारलं, "पहिलं कव्हर?"

"तोडून टाकीन," ती म्हणाली. ते तिने तोडलं नाही. शेडमध्ये वरच्या फळीवर पालथं ठेवलंय, तीन भोकं भिंतीकडे करून. तिकडे पाठ करून काम करणं तिला अजून जमत नाही.

पंधरा दिवसांनी फोनवर एक फोटो आला. काळ्या घरांमध्ये तीन काटे, पाण्याचा बरोबर ऐंशीवर. खाली रघुने लिहिलं होतं, घाट चढलो. तेव्हापासून तो माळशेज चढला की फोटो पाठवतो. संजीवनी प्रत्येक फोटो मोठा करून बघते, आधी काटा आणि मग मीटरच्या काचेत कुणाचं प्रतिबिंब पडलंय ते. आजपर्यंत रघुचाच हात दिसला आहे.

एकदा त्याचा फोन आला. "ताई, तुम्हाला त्रास होत असेल तर नाही पाठवत."

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"पाठव," ती म्हणाली. "पण वर सपाटीला पोचलास, गाडी बाजूला घेतलीस, की मगच. वळणावर थांबू नको."