पुढची तारीख

रविवारची दुपार. दालमिलला सुट्टी आहे. पंचफुला जेवणाची भांडी तशीच मोरीत टाकून चटईवर आडवी झाली आहे. शेजारी चौदा वर्षांची लेक, श्रावस्ती, केव्हाच झोपली आहे. तिच्या दातांवरची तार आज संध्याकाळी काढून टाकायची, असं ठरलं आहे. पंचफुलाला झोपायचं नाही, नुसतं पडायचं आहे. पण पंखा घरघरतो आणि डोळा लागतो.

घरघर वाढत जाते आणि ती टेम्पोच्या केबिनमध्ये बसलेली असते. गाडी देवानंद चालवतो आहे, तिचा नवरा. तो आषाढात छातीत कळ येऊन गेला, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण गाडी चालवणाऱ्या माणसाला ‘तुम्ही मेलात ना’ असं कोणत्या तोंडाने विचारायचं? ती आपली पदर सावरून बसते.

“जेवले का?” ती विचारते.

“तारीख हाय आज,” तो म्हणतो. “पोरगी कुठी हाय?”

तारीख हा त्याचा शब्द. नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात दर महिन्याला तार आवळायला बोलावत, त्याला तो तारीख म्हणे. टेम्पोमालकाला सांगे, पानठेल्यावर सांगे, “उद्या नागपूरले तारीख हाय.” त्यांच्या दिग्रसमध्ये तारीख म्हणजे कोर्टाचीच. अर्ध्या मोहल्ल्याला वाटायचं, देवानंदने कुणाचं तरी डोकं फोडलंय. बायका हळूच विचारत, “सुटंल ना वं तुहा मालक?” पंचफुला हसून हसून बेजार व्हायची. टेम्पोची खेप नागपूरला असेल त्याच दिवसाची तारीख तो मागून घ्यायचा आणि पोरीला केबिनमध्ये बसवून न्यायचा. जाण्या-येण्याचं भाडं नाही, रोजंदारी बुडत नाही. एवढ्या युक्तीवर पोरीचे पुढे आलेले दात मागे सरकत होते.

“श्रावस्ती देवानंद, हाजिर हो!”

केबिन नाही. लांबलचक व्हरांडा आहे, भिंतीला लागून बाकं आहेत, पट्टेवाला पुकारा करतो आहे. पांढऱ्या कोटातली माणसं लगबगीने जातात, त्यातल्या काहींचे कोट काळे आहेत. देवानंद बाकावर बसला आहे, पायात चप्पल नाही.

“उठा ना,” पंचफुला म्हणते. “नाव पुकारलं.”

“तू जाय.”

“मले काय समजते तिथलं? तुम्ही चला.”

“मले पुढची तारीख भेटलीच नाही वं,” तो म्हणतो. मालकाने सुट्टी नाकारल्यावर हसायचा तसाच ओशाळून हसतो.

पंचफुलाला त्याचा संताप येतो, तो जिवंत असताना कधी आला नाही इतका. “मंग पोरीचे चांगले चार दात कायले काढू देले?” ती ओरडते. जागा करायला म्हणून धडधाकट दात काढले होते, मागे राहिलेल्या फटी तारेने हळूहळू बुजणार होत्या. निम्म्या बुजल्या आणि हा गेला. तेव्हापासून तार कुणी आवळली नाही, आता ती नुसती टोचते. गावातला दातांचा डॉक्टर तसा भला माणूस. दुसऱ्याची अर्धवट केस घेत नाही म्हणाला, नव्याने करायचा आकडा सांगितला तो पंचफुलाच्या आवाक्यातला नव्हता. काढून देण्याचे मात्र पैसे नकोत, रविवारी संध्याकाळी या म्हणाला. त्याच्या खुर्चीतून तेव्हा जी मुलगी उठली तिच्या दातांवर तारेऐवजी पट्टी होती, श्रावस्ती म्हणाली, काचेसारखी, दिसतसुद्धा नव्हती.

देवानंद आता त्याच खुर्चीवर मागे रेलला आहे. वरचा दिवा म्हणजे टेम्पोचा हेडलाइट आहे. तो आ करतो, आणि त्याच्या तोंडात श्रावस्तीचे दात आहेत, तारेसकट.

“बोट लावून पाह्य,” तो म्हणतो. “सरकले का?”

ती बोट घालते. फट लागते, बोटाचं टोकही मावत नाही इतकी लहान.

“थोडंसंच राह्यलं वं.”

“अहो, मी नाही नेऊ शकत,” पंचफुला रडू लागते. “खाडे झाले तं मिलवाला मले ठेवणार नाही. तुम्ही असते तं...”

“थोडंसंच राह्यलं,” तो आ केल्या तोंडाने पुन्हा म्हणतो.

काहीतरी कचकन टोचतं. पंखा. भिंत. उन्हं दारातून सरकलेली. पंचफुला हात वर करून बघते, बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला आहे. शेजारी श्रावस्ती गाल चोळत उठून बसली आहे.

“आई, झोपेत माह्या तोंडात बोट कायले घातलं?”

“फटी राहतीन वं बाई,” पंचफुला म्हणते. “जल्मभर राहतीन.”

“राहू दे. मी तोंड बंद ठेवत जाईन.” पोरगी उठते, वेणी घालते, चपला शोधते. “चाल ना, दवाखाना उघडला असंल.”

पंचफुला बोट ओठांत धरते. रक्त खारट लागतं. दिवसभर बडबडून कान किटवणारी ही पोर दारात उभी आहे, आणि आतापासूनच तिने ओठ घट्ट मिटून घेतले आहेत.