चुली किती?

जिल्ह्यात नेमकी किती घरं कमी पडताहेत हे शोधून काढायचं काम ज्या कचेरीकडे होतं, तिथे तिला समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘चूलबाई’. दार उघडलं की तिचा पहिला प्रश्न तोच. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, थेट: चुली किती?

बावन्न वर्षांची, चणीने लहान, चपलांचा आवाज मोठा. गळ्यात ओळखपत्र, काखेत फॉर्मचा पॅड आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरचा खोटंच बोलणार आहे आणि ते ऐकायला आपण एवढ्या उन्हातून आलो आहोत. लोकही मग तिला तसंच वागवत. एकीने तिच्या अंगावर सांडपाणी फेकलं आणि वर, दिसलाच नाहीत हो, म्हणाली. एका म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून विचारलं, मागच्या वेळी मोजलंत तेव्हा आम्ही सहा होतो, आता अकरा आहोत, तुमच्या मोजण्यानेच वाढतो की काय? तिने ‘अकरा’ लिहिलं, पॅड फटीतून आत सरकवला आणि सही मागितली.

नियम सोपा होता. मागचे सात दिवस जी माणसं एका चुलीवरचं जेवली, ती एक कुटुंब. चूल म्हणजे शेगडी असो, स्टोव्ह असो, तीन विटा असोत. घरात एक चूल निघाली तर घर त्यांचं त्यांना आहेच, गरज नाही. दोन निघाल्या तर कुटुंबं दोन, त्यातल्या एकाला घर नाही, त्याचं नाव यादीत.

या नियमावर ती इतक्या वर्षांत एकदाच अडखळली असेल, ती शिंप्याच्या घरी. दोन खोल्या, तीन भाऊ, तिघांचे संसार, निजायला पाळ्या लावलेल्या. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत चार मजल्यांना कुलपं होती; तीही तिनेच सकाळी मोजली होती. शिंप्याची बायको सुई तोंडात धरून सगळं ऐकत होती. तिने सुई काढली.

“एका चुलीवर रांधतो, कारण दुसरी ठेवायला जागा नाही. म्हणजे जागा नाही म्हणून चूल एक, आणि चूल एक म्हणून जागा नको. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“वरून आलंय,” ती म्हणाली आणि ‘एक’ लिहिलं.

नव्या मोजणीदारांना शिकवायचं कामही तिच्याकडेच होतं. त्यांना ती सांगे, लोक रडतील, तुम्ही लिहा. रडण्याला फॉर्मवर रकाना नाही. हे व्याख्यान, नियमासकट, ती रोज सकाळी आपल्या खोलीत, केस विंचरता विंचरता, मोठ्याने म्हणून बघायची. भिंत पातळ होती. पलीकडे भावाचं स्वयंपाकघर.

घर वडिलांचं. पुढच्या तीन खोल्यांत भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन मुली. मागची खोली तिची. अकरा वर्षांपूर्वी एकदा जेवताना ती भाजीत मीठ कमी आहे म्हणाली आणि भावजय म्हणाली, आयतं मिळालं की चव बरोबर कळते माणसाला. ती ताट तसंच सोडून उठली. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत शेगडी आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे मोटार कुणी चालू ठेवली आणि दुधाची पिशवी कुणाची, एवढंच. बाकी सगळं भांड्यांच्या आवाजातून.

आता ती अख्खी गल्ली पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. मोजणीत जेवढी कुटुंबं, तेवढ्या जागा. त्यांचं घर एक कुटुंब म्हणून लागलं तर भावाच्या नावावर तीन खोल्यांची ऐसपैस जागा. दोन लागली तर तीच जागा तुटून दोन होणार: भावाला दोन खोल्या, तिला एक खोली आणि चिमूटभर स्वयंपाकघर. पण दार तिचं. त्या दारावर आपल्या नावाची पाटी कशी असावी, हेसुद्धा तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. काळ्यावर पांढरी अक्षरं, आडनाव नको.

स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही असा कचेरीचा दंडक. गल्ली ड्रॉइंग मास्तरांकडे गेली. हे शाळेतून निवृत्त होऊन मोजणीला लागलेले, मऊ माणूस, दारावर टकटक करून स्वतःच दचकणारे.

मास्तर यायच्या नऊ दिवस आधी एका जिन्यावर तिचा पाय मुरगळला. पायरीच नव्हती, घरमालकाने सांगायचं राहिलं असं सांगितलं. घोटा टम्म फुगला, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला बंदी केली. त्याच दुपारी भावजय दारात उभी. हातात झाकलेलं ताट.

“वन्सं, उभं राहून रांधणार कशा तुम्ही? खाऊन घ्या.”

आवाज थंड पडलेल्या तव्यासारखा, पण ताट गरम होतं. दोन्ही वेळा आलं, दुसऱ्या दिवशीही आलं. चौथ्या दिवशी तर मीठही बरोबर होतं. पलंगावर पडल्या पडल्या तिला वाटलं, अकरा वर्षांनी का होईना, बाईला पाझर फुटला. जिने जिल्हाभर फिरून प्रत्येकाला ‘कधीपासून’ आणि ‘का’ विचारलं, तिने या ताटाला एकदाही विचारलं नाही.

मास्तर आले तेव्हा सगळे पुढच्या खोलीत जमले. तीही काठी टेकत आली. मास्तरांनी पॅडमागे तोंड लपवून विचारलं, चुली किती. भाऊ म्हणाला, एक. आणि भावजय पदराला हात पुसत, अगदी शाळेत पाठ म्हणावं तसं म्हणाली, मागचे सात दिवस जी माणसं एका चुलीवरचं जेवली ती एक कुटुंब, नाही का हो मास्तर?

भिंत किती पातळ आहे ते तिला त्या क्षणी कळलं.

मास्तर उठून मागच्या खोलीत डोकावून आले. खालच्या आवाजात म्हणाले, बाई, शेगडी तर आहे, मी दोन लिहितो, कोण बघतंय.

“मी बघतेय. प्रश्न नीट विचारा.”

“तो मला विचारायचा नाहीये.”

“मग मी शिकवलं काय तुम्हाला, रांगोळी?”

मास्तरांनी विचारलं, मागचे सात दिवस तुम्ही कुठल्या चुलीवरचं जेवलात. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. शिंप्याची बायको तिथे नव्हती, पण तिची सुई कुठेतरी टोचली असावी, कारण उत्तर द्यायला चूलबाईला वेळ लागला.

“इथलं,” ती म्हणाली. “आठ दिवस. दोन्ही वेळा.”

मास्तरांनी ‘एक’ लिहिलं. भावजयीने त्यांना चहाचा आग्रह केला. तिला नाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुढच्या स्वयंपाकघरात खडखडाट झाला. भावजय धावत आली तर नणंद काठी ओट्याला टेकून मसाल्याचे डबे खाली उतरवत होती. आपली शेगडी धुऊनपुसून तिने माळ्यावर टाकायला काढली होती. शांतपणे म्हणाली, एकच चूल ना आपली, मग लावून घेते, मला हे असं हाताशी नसलेलं चालत नाही.

त्या दिवसापासून ती पुढेच राहायला लागली. सकाळी न्हाणीघर आधी तिचं. खिडकीजवळची भावाची खुर्ची तिची, पाय वर ठेवायला दुसरी. पोळी जाड, पोळी कच्ची, डाळीला फोडणी अशी देतात का, हे सगळं हसऱ्या तोंडाने, आवाज न चढवता. पाहुणे आले की ओळख करून द्यायची: आम्ही एक कुटुंब. नव्या जागेचा नकाशा तिने टेबलावर पसरून ठेवला आणि जेवताना रोज विचारू लागली, या तिन्हीतली माझी कुठली, मला पूर्वेची खिडकी लागते. मुलींना सांगितलं, तुम्ही दोघी माझ्याबरोबर निजा, मी घोरते थोडी. भाऊ एकदा म्हणाला, ताई, पुरे आता. ती म्हणाली, अरे, घरच्या माणसाला कसलं पुरे.

भावजयीने ताटं आपटली, मग आपटायची बंद केली. आपटलं की नणंद म्हणे, हळू, आपलीच आहेत.

पाय धड नव्हता म्हणून कचेरीने तिला बसून करायचं काम दिलं: हरकतींची खिडकी. मोजणीत चूक झाली असं ज्याला वाटेल त्याने पंधरा दिवसांत तिथे लेखी द्यायचं. ती अर्ज द्यायची, घ्यायची, शिक्का मारायची, निकाल साहेबांकडे. दिवसभर रांग असायची आणि रांगेतला प्रत्येक जण तिच्यावर खार खाऊन. चौदाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर रांगेच्या शेवटी भावजय दिसली. हातात पिशवी, डोळ्यांखाली काळं. नवऱ्याला सांगून आली नव्हती, हे तिच्या चपलांवरूनच कळत होतं. दोन पायांत दोन जोडातल्या होत्या.

नंबर आला. दोघी काचेच्या दोन बाजूंना.

“चूक झालीय,” भावजय म्हणाली. “दोन चुली आहेत. दोनच होत्या.”

“लेखी लागतं.”

“तुम्हाला माहीत आहे की सगळं.”

“मला माहीत असून चालत नाही. अर्ज भरायचा. खाली सही, शेजाऱ्यांची साक्ष.”

भावजयीने खिडकीच्या कठड्यावरच अर्ज भरला. नाव, पत्ता, खोल्या, माणसं. ‘हरकतीचे कारण’ या रकान्यापाशी थांबली, पेनाचं टोपण चावलं, आणि एकच शब्द लिहून कागद आत सरकवला.

चूलबाईने चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं: नणंद.

तिने कागद परत बाहेर ढकलला.

“एका शब्दाचं कारण धरत नाहीत. कधीपासून वेगळी, का वेगळी, कुणामुळे, सगळं सविस्तर.”

“सगळं?”

“अकरा वर्षांचं.”

भावजय बाकावर जाऊन बसली. सुट्टीची घंटा झाली, मागची माणसं पांगली, खिडक्या एकेक बंद झाल्या; हीच तेवढी उघडी. पेन चालत होतं, मध्ये मध्ये ओठही हलत होते. अर्ध्या तासाने ती उठून आली. कागदाची मागची बाजूही भरली होती.

“पुरवणी आहे का?” तिने विचारलं.

चूलबाईने दोन दिल्या.