गजांतून आलेला हात

पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या माझ्या सख्ख्या ताईने आजही सेफ्टी डोअरच्या गजांतून हात घालून स्वतःच कडी काढली. बेल वाजवणं तिला माहीतच नाही. तडक स्वयंपाकघरात जाऊन तिने माझं लोणचं कचऱ्यात ओतलं. "आतड्याला सूज आहे ना तुझ्या? मग!"

डॉक्टरांनी परवाच समजावलं होतं. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असलेल्या पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे रखवालदार, जंतूंना मारायला त्यांच्यामधून वाट काढत पलीकडे जातात. अस्तर त्यांना फटीएवढी जागा देतं आणि मागून पुन्हा मिटतं. माझ्या पोटात मात्र शत्रू नसतानाही रखवालदारांची रीघ थांबत नाही, आणि अस्तराला मिटायला उसंतच मिळत नाही.

"तुमचेच आहेत हो ते," डॉक्टर म्हणाले होते. हाच तर वैताग! परके असते तर हाकलता आले असते.

चिडून मी संध्याकाळी दाराला आतून कुलूप घातलं. सातला गज खडखडले. "अगं, मऊ भात आणलाय, गार होतोय!" आत आलेला हात कडी चाचपत कुलपापाशी येऊन थबकला.

मी पुटपुटत किल्ली शोधायला उठले.