एरमिंदा पाय बघते

मोचे गावात मारिनेरा या जोडीने करायच्या नाचाच्या स्पर्धेला एरमिंदा आस्मात परीक्षक म्हणून बसली की अनवाणी नाचणाऱ्या पोरींना धाकधूक वाटे. ही बाई चेहऱ्याकडे बघायचीच नाही. हसू, रुमाल, घागऱ्याची झालर, हे सगळं लोकांसाठी. तिची नजर टाचेवर. टाच टेकताना अंगाचा भार कुठे आहे, एवढं बघून ती नाचणारीचा वकूब सांगे. तरुणपणी ती किनाऱ्यावर मासे विकायची. ओल्या वाळूतून टोपल्या वाहणाऱ्या बायका बघून तिचा डोळा तयार झाला होता.

गेल्या वर्षी दोन परीक्षकांनी एका जोडीच्या रंगाची पाटी उचलली, हिने दुसरीच्या. लोकांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. यंदा आयोजक तेओदोरोने आधीच बजावलं, "पुन्हा एकटी पडलीस तर खुर्ची गेली समज."

"खुर्ची तुझी आहे, तेओदोरो. डोळे माझे आहेत."

अंतिम फेरीत हिरव्या रंगाच्या जोडीतली यादिरा आणि लाल रंगाच्या जोडीतली मारिबेल. यादिरा देखणी, गावाची लाडकी. मारिबेल चाळिशीची, अंगाने भरलेली. शेवटी बँडने लय एकदम वाढवली. यादिराचा घागरा कमानीसारखा उडाला. लोक उभे राहिले. मारिबेलचे पाय मात्र ढोलाच्या आधीच त्या नव्या लयीवर पोचले होते.

पाट्या वर गेल्या. हिरवी, हिरवी, लाल.

"मावशी, चष्मा घरी राहिला का?" कुणीतरी ओरडलं.

"डोळ्यावरच आहे, म्हणून तर!"

यादिरा जिंकली. तेओदोरोने एरमिंदाची खुर्ची उचलून नेली.

मैदान रिकामं होत असताना यादिरा बक्षिसाचा करंडक काखेत धरून आली. "मावशी, लय वाढली तेव्हा मी मागे पडले. वाटलं, कुणाला कळलं नाही."

"मला कळलं."

"कशावरून?"

"घागरा उगाच उंच नेलास. पाय हरले की बाई हात उंचावते."

यादिराने आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला शिकवाल?"

"तो करंडक खाली ठेव. त्या झाडापर्यंत जाऊन ये."

"नाचत?"

"चालत, बाई!"

यादिरा निघाली. खुर्ची नव्हती, म्हणून एरमिंदा धुळीत उकिडवी बसली. तिथून पाय चांगले दिसत होते.

"थांब," ती ओरडली. "डाव्या पायावर तुझा विश्वास नाही. पुन्हा चाल."